एक वर्ग, अनेक पायऱ्या

मुंबई शहरात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रारंभ १९२५ मध्ये झाला. १९२० च्या मुंबई शहर प्राथमिक शिक्षण अधिनियमान्वये ही सक्ती प्रथम लागू करण्यात आली ती एफ आणि जी या दोन वॉर्डांत. परळपासून दादर-माहीमपर्यंतच्या गिरणी कामगारांच्या वस्तीचा मोठा भाग या वॉर्डांत येत होता. ज्या घरांत दहा बाय बाराच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत, जेथे पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपत आणि उठत, त्या घरांतील मुले कायद्याने शाळेच्या बाकावर येऊन बसली. रत्नागिरी-सावंतवाडीचे मूल, सातारा-कोल्हापूरकडचे मूल आणि विणकामासाठी आलेल्या तेलुगू भाषक कुटुंबाच्या शेजारात वाढलेले मूल एकाच वर्गात आले. एक घरी ‘खंय’ म्हणे, दुसरे ‘कुठं’ म्हणे, आणि क्रमिक पुस्तकात मात्र ‘कोठे’ असा शब्द छापलेला असे. शिक्षकाला पुस्तक एक, फळा एक आणि तासही एकच मिळालेला होता.

त्यानंतर या भागाचे रूप पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. अनेक कुटुंबे गावी परतली, तर काही उपनगरांत गेली. लालबाग-परळच्या आकाशात चिमण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु महापालिकेच्या शाळेतील वर्ग एकसारखा झाला, असे म्हणता येणार नाही. बृहन्मुंबई महानगरपालिका आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालविते, आणि प्रत्येक माध्यमाच्या वर्गातही घरची भाषा निराळी असलेली मुले असतात. कोणाच्या घरी अभ्यास घेणारी मोठी बहीण असते. कोणी मूल मे महिन्यात गावी जाते ते जुलै अर्धा उलटल्यावर परत येते. एखादी मुलगी धाकट्या भावाला सांभाळून शाळेत पोचते, तोवर पहिला तास संपलेला असतो. या सर्वांना इयत्ता तिसरीच्या हजेरीपटावर एकाखाली एक लिहिले जाते. तेथे दिसणारे त्यांचे सारखेपण केवळ कागदावरचे असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळाप्रवेश, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आणि इमारतीविषयीचे निकष यांवर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. कलम २४ मधील एका तरतुदीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून त्याला आवश्यक असेल तेथे पूरक अध्यापन करणे, हे त्या कलमान्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणजे ज्याला आपण आजवर एखाद्या तळमळीच्या गुरुजींचा चांगुलपणा समजत आलो, ती गोष्ट आता कायद्याने सांगितलेली आहे. ती करण्याची विद्या शिक्षकाला कोण, कोठे आणि कशी शिकविणार, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या विद्येचा एक जुना वर्ग याच भागात, दादरला भरत होता.

दादरचे शिशुविहार

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाई महाराष्ट्रात आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. लहान मुलांची शाळा काढून त्या थांबल्या नाहीत. अशा शाळा चालविणाऱ्या शिक्षिका तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी बाल अध्यापन मंदिरही चालविले. शिक्षिकांच्या शिक्षणाला बालकांची शाळा जोडलेली असणे, ही गोष्ट आजही लक्षात घेण्यासारखी आहे. बालक समोर नसताना बालकाविषयी शिकविणे म्हणजे पाण्यावाचून पोहण्याचे धडे देणे होय, आणि आपल्याकडे असे धडे सभागृहांत पुष्कळ दिले जातात.

शिशुविहारातील पद्धतीचा पाया मारिया माँटेसरी यांच्या विचारात होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तीही कष्टकऱ्यांच्या दाटीवाटीच्या चाळींचीच वस्ती होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. माँटेसरी पद्धतीला आज महागड्या शाळांचे वलय प्राप्त झाल्यामुळे तिचे मूळ आपण विसरतो. त्या पद्धतीतील साहित्याचा एक गुण शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. लाकडी ठोकळ्यात लहानमोठ्या आकाराचे दट्टे बसविण्याचा खेळ घ्या. प्रत्येक दट्ट्याला त्याच्या मापाचे एकच भोक असते. चुकीच्या भोकात दट्टा घातला की शेवटी एक दट्टा उरतो आणि बसत नाही. चूक कोणीही सांगावी लागत नाही, ती साहित्यच दाखविते. त्यामुळे शिक्षिका मोकळी राहते, आणि मोकळ्या राहिलेल्या शिक्षिकेने काय करावयाचे, तर पाहावयाचे. कोणते मूल कोठे अडते, किती वेळ रमते, कशाकडे पाठ फिरविते, याचे निरीक्षण हे तिचे पहिले काम मानले गेले.

आपल्या नेहमीच्या वर्गात नेमके याच्या उलट घडते. शिक्षक सतत बोलत असतो, लिहीत असतो, गप्प करीत असतो. पाहण्यासाठी त्याला क्षणही मिळत नाही. पाठ टाचणात शिक्षकाच्या कृतीचा रकाना भरगच्च असतो. विद्यार्थ्याच्या कृतीच्या रकान्यात ‘लक्षपूर्वक ऐकतात’ एवढेच लिहिलेले आढळते.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. पहिल्याच दिवशी त्याने मनाशी योजून आणलेला शांततेचा खेळ पार फसतो. मुले शांत तर होत नाहीतच, उलट आरडाओरडा करतात, आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. बालशिक्षणाचा एवढा मोठा पुरस्कर्ता आपल्या पुस्तकातील शिक्षकाची सुरुवात अशा फजितीने करतो, याला अर्थ आहे. योजना कितीही उत्तम असली तरी ती घरी बसून केलेली होती, समोरच्या मुलांना पाहून केलेली नव्हती. प्रशिक्षण वर्गातून नवी युक्ती घेऊन परतलेल्या आणि पहिल्या आठवड्यातच हिरमुसलेल्या शिक्षकांना हे प्रकरण अवश्य वाचावयास द्यावे.

दादरहून बोर्डीला

ताराबाईंच्या कामाचा पुढचा टप्पा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. दादरची मुले बहुतांशी मध्यमवर्गीय घरांतील होती. हे शिक्षण खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत नेता येते की नाही, हे पाहण्यासाठी १९४५ मध्ये त्या पश्चिम रेल्वेच्या वाटेवरील घोलवडजवळच्या बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. दादरला बसविलेली घडी तेथे जशीच्या तशी चालेना. ठरावीक लाकडी साहित्य महाग होते, म्हणून दगडगोटे, शिंपले, पाने, फुले, बिया, माती यांतून साहित्य उभे राहिले. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो पुढे देशभर पोचला. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये हलविण्यात आले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली, कारण ती मुले गुरे सोडून येणार नव्हती. शाळाच कुरणावर गेली.

येथे साहित्य बदलले, जागा बदलली, वेळही बदलली. बदलली नाही ती एकच गोष्ट. आधी मूल कोठे आहे ते पाहावयाचे आणि मग आपण तेथून निघावयाचे, हा क्रम दादरला होता तसाच कोसबाडला राहिला. शिक्षणाच्या पद्धतींची नावे पुढे कितीतरी आली आणि गेली. या क्रमावाचून त्यांपैकी एकही पद्धत वर्गात टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एकच उत्तर, दोन चुका

आता पुन्हा परळ-लालबागकडील तिसरी-चौथीच्या एखाद्या वर्गात येऊ. हातचा घेऊन वजाबाकी करण्याचा भाग शिकवून झाला आहे. शिक्षकाने फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस असे उदाहरण लिहिले. उत्तर पंचवीस यावयास हवे. वह्या तपासताना असे दिसले की, काहींचे उत्तर बरोबर आहे, एकाने एकोणऐंशी लिहिले आहे, आणि दोन मुलांनी पस्तीस लिहिले आहे. एकोणऐंशी लिहिणाऱ्याने बेरीज केली, हे चटकन कळते. त्याला कदाचित वजाबाकी येतही असेल, केवळ चिन्हाकडे त्याचे लक्ष गेले नसेल. पस्तीस लिहिणाऱ्या दोघांच्या वहीवर शिक्षक सारखीच लाल फुली मारतो आणि दोघांनाही तेच उदाहरण पुन्हा समजावून देतो.

परंतु त्या दोघांना जवळ बसवून “तू हे कसं केलंस, मला सांग बघू,” असे विचारले, तर निराळेच चित्र दिसते. पहिला सांगतो, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले.” दुसरा सांगतो, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेतला, बारातून सात गेले, पाच उरले. मग पाचातून दोन गेले, तीन उरले.” दुसऱ्या मुलाला दशक सुटा करणे समजले आहे. दशकाच्या घरातून एक कमी करावयाचे तेवढे तो विसरला. पहिल्या मुलाला दशक सुटा करता येतो हेच मुळी उमगलेले नाही. त्याच्या दृष्टीने संख्या म्हणजे शेजारी शेजारी लिहिलेले दोन स्वतंत्र अंक आहेत. दुसऱ्याला एका आठवणीची गरज आहे. पहिल्याला दहा-दहा काड्यांच्या जुड्या हातात देऊन, एक जुडी सोडवून, सुट्या काड्या मोजून पाहण्याची गरज आहे, आणि त्याला काही दिवस लागतील. दोघांनाही फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा करून दाखविले, तर दुसरा कंटाळेल आणि पहिला ते न समजता उतरवून घेईल.

शिक्षकाला चाळीस मुलांना असे विचारत बसण्यास वेळ कोठला, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर एक उपाय उदाहरणाच्या निवडीत आहे. बावन्न वजा सत्तावीस या उदाहरणात दोन्ही चुकांचे उत्तर योगायोगाने एकच येते. एकसष्ट वजा चोवीस असे उदाहरण दिले असते, तर पहिल्या मुलाचे उत्तर त्रेचाळीस आणि दुसऱ्याचे सत्तेचाळीस आले असते. बरोबर उत्तर सदतीस. म्हणजे वही पाहताक्षणीच कोणाची अडचण कोणती, हे शिक्षकाला कळले असते. चाचणीतील उदाहरणे गुण देण्यासाठी निवडावयाची की अडचण शोधण्यासाठी, यावर त्या चाचणीचा उपयोग अवलंबून असतो. प्रशिक्षणाच्या एका दुपारी शिक्षकांनी गटाने बसून अशी दहा उदाहरणे तयार करावीत. चुका कोणकोणत्या होतील याचा आधी अंदाज बांधावा आणि मग वर्गात जाऊन तो ताडून पाहावा. इतके उपयुक्त आणि इतके कमी खर्चाचे प्रशिक्षण दुसरे सहसा सापडणार नाही.

वाचनाचेही असेच आहे. ‘याला वाचता येत नाही’ हा शेरा काहीच सांगत नाही. एका मुलाला काही अक्षरेच ओळखता येत नाहीत. दुसऱ्याला ‘कमळ’ वाचता येते, परंतु काना, वेलांटी, उकार आला की ते अडखळते. तिसरे ‘किल्ला’ या शब्दातील जोडाक्षरापाशी थांबते. चौथे धडा घडाघडा वाचते, आणि त्यात काय सांगितले असे विचारले की गप्प राहते. या चौथ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते तपासणीच्या वेळी उभे करून दाखविण्यास सोयीचे असते! एखाद्या मुलाला अक्षरे चांगली येतात, पण घरची बोली निराळी असल्यामुळे पुस्तकातील शब्दच अनोळखी असतात. त्याला अक्षरांचा सराव देणे व्यर्थ आहे. त्याला गोष्टी ऐकवाव्या लागतील, आणि घरी त्या वस्तूला काय म्हणतात हे त्याच्याकडून विचारून घ्यावे लागेल. घरचा शब्द फळ्यावर पुस्तकी शब्दाशेजारी लिहिला गेला की त्या मुलाची मान थोडी ताठ होते, असा अनुभव आहे.

‘प्रथम’ या संस्थेने प्रचारात आणलेली वाचन-चाचणी येथे उपयोगी पडते. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मूल कोठवर पोचले ते पाहावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. एका मुलाला सुमारे पाच मिनिटे धरली, तर चाळीस मुलांना दोनशे मिनिटे लागतात. रोज वीस मिनिटे दिल्यास दहा दिवसांत सबंध वर्ग होतो. त्या वेळी इतर मुलांना चित्र काढण्याचे किंवा जोडीने गोष्ट वाचण्याचे काम द्यावे. नोंद ठेवावयाची ती गुणांची नव्हे. मुलाचे नाव, दिनांक, काय येते आणि कोठे अडते, एवढे चार रकाने पुरेत. याहून मोठा तक्ता केला की तो भरण्यातच वेळ जातो.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणाऱ्या मुलाला आधी पहिल्या बाकावर बसवून पाहावे. दोष पुष्कळदा दृष्टीत असतो. बोलताना चुणचुणीत असलेले मूल नीट शिकवूनही दीर्घकाळ वाचन-लेखनात अडत राहिले, तर त्याला आळशी ठरवू नये, आणि शिक्षकाने स्वतः त्याच्या अडचणीला वैद्यकीय नावही देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे, आणि तपासणीची सोय शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत आहे. पालकांना तेथवर जाण्यास राजी करणे हे शिक्षकाचे काम. निदान हे तज्ज्ञांचे.

गट कसे करावेत

पायऱ्या कळल्यावर गट करावे लागतात, आणि गट करताना हमखास एक जुनी चूक होते. हुशार मुलांची एक रांग आणि ‘ढ’ मुलांची दुसरी अशी कायमची विभागणी केली जाते. शिष्टाचार म्हणून त्यांना मोगरा, गुलाब, जास्वंद अशी नावे दिली जातात. फुलांची नावे दिली तरी कोणते फूल कच्चे आहे, हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळते. म्हणून गट दिवसातून एक तासापुरतेच असावेत, उरलेल्या वेळी वर्ग मिसळलेला असावा. वाचनाचा गट आणि गणिताचा गट एकच असू नये. वाचनात अडणारे मूल वडिलांच्या भाजीच्या गाडीवर हिशेब ठेवीत असेल, तर गणितात ते पुढच्या पायरीवर असेल. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहून मुले वरच्या गटात गेली पाहिजेत. ज्या गटातून कोणीही वर जात नाही, तेथे मुलांची कुवत तपासण्याआधी आपले अध्यापन तपासावे.

शाळेत तिसरी, चौथी आणि पाचवीचे वर्ग असतील, तर त्या तासापुरती इयत्तांची भिंत काढून टाकणे अधिक सोयीचे ठरते. तीन शिक्षकांनी तीन पायऱ्या वाटून घ्याव्यात. येथे एक अडचण येते. अक्षरगटाचे काम नवख्या शिक्षकाकडे देण्याची प्रवृत्ती असते. ते सर्वांत अनुभवी शिक्षकाने घ्यावे.

बालसखीचा धडा

मुंबईत या विचाराची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. ‘प्रथम’ या संस्थेचे काम महापालिकेच्या सहकार्याने १९९४-९५ च्या सुमारास सुरू झाले आणि १९९८ मध्ये ‘बालसखी’ हा उपक्रम शाळांत आला. वस्तीतीलच शिकलेली एक तरुणी, थोडे प्रशिक्षण आणि दरमहा पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, असे त्याचे स्वरूप होते. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास तिच्याकडे जात आणि ती त्यांना त्यांच्या पायरीवरून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई व वडोदरा येथील शाळांत या उपक्रमाचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे, २०१९ मध्ये, मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे हा अभ्यास सर्वश्रुत झाला. बालसखी असलेल्या शाळांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती, आणि सर्वांत दुर्बल मुलांना सर्वाधिक लाभ झाला होता.

त्याच अभ्यासातील आणखी दोन गोष्टी मात्र क्वचितच सांगितल्या जातात. बालसखीकडे मुले गेल्यावर मूळ शिक्षकाच्या वर्गात संख्या कमी उरत असे. वर्ग लहान झाला म्हणजे शिकविणे सुधारेल, अशी आपली सर्वांची समजूत आहे. पण मागे राहिलेल्या त्या मुलांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. संख्या घटली, तरी शिकविण्याची रीत तीच राहिली असावी, असाच त्याचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो. दुसरी गोष्ट अशी की, उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा मुलांचा लाभ बराच ओसरला होता. बालसखी गेली आणि मूल पुन्हा पूर्वीच्याच पद्धतीच्या वर्गात बसले. म्हणून बाहेरून आणलेल्या मदतनिसावर हे काम कायमचे सोपविता येत नाही. ते नियमित शिक्षकालाच यावयास हवे.

ते शिक्षकाला कसे येईल, याचे उत्तर इतर राज्यांतील प्रयत्नांतून काही अंशी मिळते. बिहार आणि उत्तराखंड येथे शासकीय शाळांना केवळ साहित्य देऊन, किंवा साहित्याबरोबर शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. नेहमीच्या शालेय दिवसात त्याचा परिणाम नाममात्र झाला. शिक्षकांना रीत कळली होती, परंतु अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे तसेच होते आणि नव्या कामाला वेळापत्रकात जागा नव्हती. बिहारमध्ये त्याच शासकीय शिक्षकांनी उन्हाळी वर्गात हीच रीत वापरली, तेव्हा मुले शिकली. हरियाणात २०१२-१३ मध्ये यापासून बोध घेण्यात आला. रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला, त्या तासापुरती मुलांची इयत्तेऐवजी पायरीनुसार विभागणी केली, आणि पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकविले. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले व शाळांना भेटी दिल्या. तेथे भाषेत मुलांची प्रगती दिसून आली.

पर्यवेक्षकाने आधी स्वतः शिकविले, ही त्यातील गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांनी विशेष मनावर घ्यावी. केंद्रप्रमुख, विभाग निरीक्षक किंवा विस्तार अधिकारी यांनी अक्षरगटासमोर पंधरा दिवस उभे राहून पाहिले, तर शिक्षकाला कोठे अडचण येते हे त्यांना अहवाल न मागविता कळेल. कोल्हापूरच्या लीला पाटील यांनी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यानंतर १९८५ मध्ये सृजन-आनंद विद्यालय ही लहान मुलांची शाळा काढली. प्रशिक्षण देणाऱ्याने मुलांकडे परत जाण्याचे असे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे त्यात ठरविण्यात आले. उद्दिष्टाच्या तारखा जवळ आल्या की तक्ते रंगविण्याची घाई होते, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे. शिक्षकाने ‘हे मूल अजून अक्षरांवर आहे’ असे प्रामाणिकपणे लिहिले आणि त्याबद्दल त्याला जाब विचारला गेला, तर पुढच्या महिन्यात ते मूल कागदावर परिच्छेद वाचू लागेल. आणि त्या मुलाला अक्षरे शिकविण्याचे काम तेथेच थांबेल, कारण कागदानुसार त्याची गरजच उरलेली नसेल. खरी नोंद करणाऱ्या शिक्षकाला संरक्षण देणे हे सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

शाळा व्यवस्थापन समितीवरील पालकांना आणि खेड्यांत पंचायत सदस्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. राखून ठेवलेल्या तासाला शिक्षकाला दुसऱ्या कामासाठी बोलावले जात नाही ना, हे त्यांनी पाहावे. गावी गेलेले मूल उशिरा परतले, तर ते कोठे अडले आहे याची नोंद आठवडाभरात होते ना, हे विचारावे. शाळेला भेट देताना वर्गातील सर्वांत चुणचुणीत मुलाकडून कविता म्हणवून घेण्याची प्रथा बंद करावी. त्याऐवजी मागच्या बाकावरील एका मुलाजवळ बसून त्याला एकसष्टमधून चोवीस वजा करण्यास सांगावे, आणि उत्तर काय येते याहून ते मूल कसे करते ते पाहावे. मग त्याच्या शिक्षकाला विचारावे की, या मुलाला उद्या तुम्ही काय देणार आहात. नेमके उत्तर मिळाले, तर शेरेपुस्तकात तसे लिहावे. मिळाले नाही, तर ते शेरेपुस्तकात न लिहिता केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत घ्यावे. त्या परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील तीन मुलांच्या वह्या बरोबर आणाव्यात, एवढी एकच सूचना परिपत्रकात असली तरी पुरे.